किल्ली कुणाकडे?

शाळेत आग लागली तर काय करायचं, ही जबाबदारी माझ्याकडे आली ती केवळ मी विज्ञान शिकवते म्हणून. स्टाफ मीटिंगमध्ये विषय निघाला, मोठ्या बाईंनी टेबलाभोवती नजर फिरवली, सगळ्यांनी एकदम आपापल्या वह्यांत काहीतरी लिहायला घेतलं आणि मी नेमकी वर बघत होते. झालं! ‘तुम्हाला ऑक्सिजन वगैरे सगळं माहीतच आहे,’ असं म्हणत त्यांनी फाइल माझ्याकडे सरकवली. फाइलीत इमारतीचा एक नकाशा होता, त्यावर लाल बाण काढलेले होते आणि मागच्या तीन वर्षांचे तीन अहवाल होते. तिन्हींत तेच वाक्य: ‘सराव यशस्वीरीत्या पार पडला.’

पहिला सराव मीही यशस्वीरीत्या पार पाडला. आदल्या दिवशी वर्गावर्गात सूचना फिरवली, रांगा कशा लावायच्या ते समजावलं, वर्गप्रतिनिधींना दोनदा मैदानापर्यंत चालवून आणलं. ठरल्या वेळी घंटा झाली, मुलं शिस्तीत खाली उतरली. ४ मिनिटं १० सेकंद. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या.

अग्निशमन दलाचे एक अधिकारी पाहायला आले होते. ते टाळ्या वाजवत नव्हते. माझ्याजवळ येऊन त्यांनी विचारलं, ‘बाई, मुलं किती आली?’

‘सगळी आली.’

‘सगळी म्हणजे किती?’

मला आकडा सांगता येईना. वर्गशिक्षकांना विचारावं, तर हजेरीपट कुणाच्याच हातात नव्हते. आमच्याकडे पहिला तास संपला की हजेरीपट ऑफिसात जमा होतात, आणि ऑफिस होतं त्या ‘पेटलेल्या’ इमारतीच्या आत. मग बोटं दाखवत मोजणी सुरू झाली. एका वर्गात दोन मुलं जास्त निघाली, दुसऱ्यात एक कमी. तेवढ्यात स्वच्छतागृहाकडून दोघं जण ओले हात पुसत रमतगमत येताना दिसले. ग्रंथालयाच्या बाई तर वरच बसून होत्या. सराव मुलांसाठी असतो, असा त्यांचा समज होता.

अधिकारी शांतपणे म्हणाले, ‘आमची गाडी आली की मी पहिला प्रश्न हाच विचारणार. आत कुणी आहे का? तुम्ही “माहीत नाही” म्हणालात, तर माझी माणसं धुरात शिरणार आणि कदाचित नसलेल्या मुलाला शोधत बसणार.’

त्यानंतर त्यांनी इमारत पाहायला मागितली. नकाशावर दोन जिने होते आणि दोन्हींवर बाण होते. मागच्या जिन्याने आम्ही खाली उतरलो, तर तळाशी लोखंडी जाळीचं सरकतं दार आणि त्याला मुठीएवढं कुलूप. चोऱ्या व्हायला लागल्यापासून ते दार बंद असतं, हे मला माहीत होतं. मी रोज त्याच्या समोरून जात होते. नकाशावरचा बाण आणि हे कुलूप, या दोन गोष्टी माझ्या डोक्यात कधी एकत्र आल्याच नव्हत्या.

‘उघडा,’ अधिकारी म्हणाले आणि त्यांनी घड्याळात पाहिलं.

शिपाईमामा जुडगा घेऊन आले. जुडग्यात चाळीसेक किल्ल्या असतील. पहिली लागली नाही. दुसरी आत गेली, पण फिरेना. तिसरी, चौथी. कुलपाच्या तोंडाला गंज चढलेला. मामांनी त्यावर फुंकर मारली, बोटाने घासलं आणि पुन्हा पहिलीपासून सुरुवात केली. आम्ही चार माणसं त्या अरुंद जागेत उभी होतो आणि किल्ल्यांच्या किणकिणीखेरीज आवाज नव्हता. शेवटी मामांनाच आठवलं, ही किल्ली जुडग्यात नाहीच, ती ऑफिसात क्लार्कच्या खणात असते. क्लार्क त्या दिवशी रजेवर. खणाला कुलूप. खणाची दुसरी किल्ली मोठ्या बाईंच्या कपाटात सापडली, खण उघडला, मागच्या दाराची किल्ली मिळाली. पण कुलूप तेल घातल्याशिवाय हलेना. दार सरकलं तेव्हा २३ मिनिटं झाली होती.

कुणी काही बोललं नाही. मामांच्या हाताला गंज लागला होता आणि ते तो पँटीला पुसत राहिले.

त्या रात्री मी वाचत बसले. आधी वाचायला हवं होतं, हे खरंच. १६ जुलै २००४ ला तमिळनाडूतल्या कुंभकोणमच्या एका शाळेत ९४ मुलं गेली, ही बातमी तेव्हा मीही वाचली होती. पण मला आठवत होतं ते फक्त गवताचं छप्पर आणि पेटलेलं स्वयंपाकघर. जायला-यायला एकच अरुंद जिना होता, हे मी विसरले होते, किंवा त्या वयात ते मला महत्त्वाचं वाटलं नसावं. १ डिसेंबर १९५८ ला शिकागोमधल्या एका शाळेत ९२ मुलं आणि तीन जोगिणी शिक्षिका मेल्या. आग लागली तळघराकडच्या जिन्याच्या पायथ्याशी. खालच्या मजल्यावर जिन्याला दार होतं आणि ते बंद होतं, म्हणून तो मजला बराच वाचला. वरच्या मजल्यावर दारच नव्हतं, त्यामुळे धूर आणि उष्णता जिन्यातून थेट वर चढून व्हरांड्यात पसरली. मुलं वर्गातच अडकली. जिना म्हणजे माणसांना वाट आणि धुराला धुरांडं, हे वाक्य मी माझ्या वहीत लिहून घेतलं.

सगळ्यात जास्त वेळ रेंगाळले ते शिकागोच्याच एका जुन्या हकिकतीवर. ३० डिसेंबर १९०३, इरॉक्वा नावाचं नाट्यगृह, दुपारचा खेळ, प्रेक्षकांत बायका-मुलांची गर्दी. सहाशेच्या वर माणसं गेली. दारं होती, पुष्कळ होती; पण काही कुलूपबंद आणि काहींच्या खिट्या अशा की गर्दीतल्या कुणाला त्या उघडता येईनात. या आगीनंतर कार्ल प्रिन्झलर आणि हेन्री ड्यूपाँट यांनी दाराला आडवा दांडा बसवण्याची युक्ती काढली आणि १९०८ मध्ये ती बाजारात आली. बाहेरून बंद, पण आतून अंगाने नुसतं रेटलं की उघडतं. चोरही बाहेर, मुलंही बाहेर. शंभर वर्षांहून जुनी गोष्ट, आणि आम्ही खणाची किल्ली शोधत होतो.

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या बाईंच्या केबिनमध्ये जाऊन बसले. त्यांचा पहिला प्रश्न चोरीचाच होता. गैर नव्हता, संगणक खरंच चोरीला गेले होते. पण त्या २३ मिनिटांना त्याही साक्षीदार होत्या. महिन्याभरात तो दांडा बसला. नवीन दार बाहेरच्या बाजूला उघडतं. आत उघडणारं दार मागून रेटा आला की उघडताच येत नाही. दांडा बसेपर्यंत शाळा भरल्यापासून सुटेपर्यंत कुलूप काढून ठेवायचं आणि मामांनी तिथे खुर्ची टाकून बसायचं, असं ठरलं. मामा कुरकुरले. पण तिथे वारा चांगला येतो, असं नंतर त्यांनीच सांगितलं.

बाकीची कामं पटपट झाली. हजेरीपट वर्गातच राहू लागले, वर्गाच्या दाराजवळच्या खिळ्याला टांगून. जिन्याखाली रचलेली मोडकी बाकं आणि जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे हलले. पाहुणे, पालक, कामाला आलेले गवंडी-सुतार यांचीही नावं फाटकावरच्या वहीत यायला लागली, म्हणजे मोजणीत तेही आले.

मग दुसरा सराव. या वेळी तारीख फक्त मोठ्या बाईंना, मला आणि त्या अधिकाऱ्यांना ठाऊक होती. पुढच्या जिन्याच्या मध्यावर आम्ही दहावीच्या एका मुलीला लाल ओढणी घेऊन उभं केलं. ती म्हणजे आग.

घंटा झाली आणि अर्धी शाळा डबे काढून बसली! धोक्याची घंटा आणि मधल्या सुट्टीची घंटा एकच, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. शिक्षकांनी ओरडून सांगितल्यावर मुलं उठली, तर दप्तरं भरायला लागली. एक सर पंखे बंद करून, वर्गाला कडी घालूनच निघाले. मागे कोपऱ्यात पडलेलं पेन शोधणारा एक मुलगा आत होता. पुढच्या जिन्याची रांग लाल ओढणीपाशी येऊन थांबली, मागच्यांना काही कळेना, आणि वरून धक्के सुरू झाले. ‘मागे फिरा’ म्हणणं सोपं असतं. जिन्यात अडकलेल्या दीडशे मुलांना मागे फिरवायचं तर सगळ्यात शेवटच्याला आधी सांगावं लागतं, आणि शेवटचा मोठं माणूस नसेल तर ते होत नाही. ओढणीवाली मुलगी रडवेली होऊन म्हणाली, ‘बाई, मी बाजूला होऊ का?’

आणि तिसऱ्या मजल्यावर, सगळा गोंधळ खाली सरकल्यावर, सातवीतला एक मुलगा एकटाच बाकावर बसलेला होता. पायाला प्लास्टर. रोज त्याचे दोन मित्र त्याला धरून वर आणायचे. घंटेच्या गडबडीत ते दोघं रांगेबरोबर गेले. मी वर पोचले तेव्हा त्याने मला विचारलं, ‘बाई, मी आग लागल्यावर काय करायचं?’ त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, वर्गात शंका विचारतात तसं त्याने विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याचा वर्ग तळमजल्यावर हलवायला हवा होता. प्लास्टर चढून तोवर पंधरा दिवस झाले होते.

११ मिनिटं ४० सेकंद. आमच्या दृष्टीने फजिती. अधिकारी मात्र पहिल्यांदाच हसले आणि म्हणाले, ‘हा तुमचा पहिला सराव.’

त्या दिवशी अहवालात मी ‘यशस्वीरीत्या’ लिहिलं नाही. काय काय चुकलं ते दोन पानं लिहिलं. बाईंनी सही करताना जरा वेळ घेतला, पण केली.

पुढे प्रत्येक रांगेच्या शेवटी एक शिक्षक आला. शेवटच्याने वर्ग रिकामा आहे हे डोळ्यांनी पाहायचं, दार ओढून घ्यायचं, पण कडी लावायची नाही. बंद दार धूर बराच वेळ अडवतं. कडी लावली तर आत राहिलेला अडकतो. धोक्याच्या घंटेसाठी वेगळा, चढता-उतरता भोंगा आला. स्वच्छतागृहं आणि ग्रंथालय पाहायची कामं नावानिशी वाटली गेली, नेमलेला गैरहजर असेल तर त्याच्या जागी कोण, हेही लिहिलं. पळायचं नाही, भरभर चालायचं. लिफ्ट असेल तिथे तिच्याकडे बघायचंही नाही.

आग विझवण्याच्या सिलिंडरचं प्रशिक्षण मुलांना सगळ्यात आवडलं, पण त्याबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे. पिन ओढायची, नळी आगीच्या बुडाशी धरायची, मूठ दाबायची आणि डावी-उजवीकडे फिरवत जायचं. मी ज्वाळांच्या शेंड्यावर पावडर मारली आणि आग तशीच राहिली. आणखी एक धडा मिळाला: लहान सिलिंडर जेमतेम दहा-बारा सेकंद चालतो. आपल्याला वाटतं, तो टाकीसारखा वाहतच राहील. म्हणून पाठीशी बाहेर जायची वाट मोकळी ठेवूनच उभं राहायचं, आणि आग कचऱ्याच्या टोपलीपेक्षा मोठी असेल तर उभंच राहायचं नाही.

घरी हे सगळं मी रोज जेवताना सांगत असे. एकदा लेकीने शांतपणे विचारलं, ‘आई, आपल्या दाराची किल्ली रात्री कुठे असते?’

नवरा म्हणाला, दाराशेजारच्या खुंटीला. सासूबाई म्हणाल्या, फ्रिजवर. मी म्हणाले, माझ्या पर्समध्ये. धाकट्याने सांगितलं, ‘बाबांच्या शर्टाच्या खिशात.’ आम्ही उठून पाहिलं. खिशातच होती, आणि तो शर्ट धुवायच्या टोपलीत. रात्री दार आतून किल्लीने बंद करायची आमची पद्धत. खिडक्यांना जाळ्या, त्यांतली एक उघडणारी, तिला छोटं कुलूप. त्याची किल्ली शोधायला तीन दिवस लागले. शाळेत मी दोन पानी अहवाल लिहिला होता.

त्या रविवारी धाकट्याला घराचा नकाशा काढायला बसवलं. प्रत्येक खोलीतून बाहेर पडायच्या दोन वाटा दाखव, म्हटलं. त्याने दारं काढली, खिडक्या काढल्या आणि आमच्या खोलीतल्या कपाटावर हिरवा बाण काढला.

‘हे काय?’

‘मी इथे जाणार. इथे मला काही दिसत नाही, म्हणजे आगीला पण मी दिसणार नाही.’

मी त्याच्या हातातला खडू बघत राहिले. घाबरलेली लहान मुलं पलंगाखाली, कपाटात लपतात, हे त्या अधिकाऱ्यांनी सांगितलं होतं, पण ते मी इतरांच्या मुलांबद्दल ऐकलं होतं. त्याला मी रागावले नाही. तोंडावर मुखवटा आणि पाठीवर हवेची टाकी लावलेल्या जवानाचं चित्र दाखवलं. श्वासाचा घरघर आवाज काढून दाखवला. हा राक्षस नाही, हा तुला न्यायला आलेला काका. याला ‘मी इथे आहे’ असं ओरडून सांगायचं. मग आम्ही दोघं फरशीवरून रांगत दारापर्यंत गेलो. गरम धूर वर चढतो, श्वास घेण्याजोगी हवा राहते ती जमिनीलगत. दार बंद असेल तर हाताची मागची बाजू लावून बघायची. गरम लागलं तर उघडायचं नाही, दुसरी वाट धरायची. दुसरी वाट नसेल तर फटीत कपडे कोंबायचे, खिडकीशी जायचं आणि हाक मारायची. अंगावरचे कपडे पेटले तर धावायचं नाही, तोंड हातांनी झाकून जमिनीवर लोळायचं. लोळण्याचा भाग त्याने सतरा वेळा केला.

सासूबाईंना हा सगळा पोरखेळ वाटत होता. ‘आमच्या वेळी कुठे होतं असलं?’ या प्रश्नाला उत्तर नसतं. पण स्वयंपाकघरातला मुद्दा त्यांनीच काढला. त्यांच्या तरुणपणी शेजारी कढईतलं तेल पेटलं होतं आणि कुणीतरी त्यावर पाण्याचा तांब्या उपडा केला होता. ‘छताला भिडली आग,’ एवढंच म्हणाल्या. पाणी तेलाच्या तळाशी जातं, क्षणात वाफ होतं, आणि वाफ पाण्याच्या साधारण १७०० पट जागा व्यापते, म्हणून पेटतं तेल उसळून उडतं. हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. त्यांनी ते पाहिलेलं होतं. तेव्हापासून शेगडीशेजारी कढईवर बसेल असं झाकण असतं: गॅस बंद, झाकण, आणि गार होईपर्यंत उचलून बघायचं नाही. गॅसचा वास आला तर कुठल्याच बटणाला हात लावायचा नाही, चालू करायलाही नाही आणि बंद करायलाही नाही. स्वयंपाकाचा सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खाली साचतो. दारं-खिडक्या उघडायच्या आणि बाहेर पडायचं.

घरचा पहिला सराव आम्ही रात्री केला. धुराचा अलार्म मी मुद्दाम वाजवला. सासूबाई पहिल्यांदा उठल्या. धाकटा उठला. लेक, जिने हा विषय काढला, ती त्या कर्कश आवाजात कूस बदलून झोपली. मुलं अलार्मला दाद देत नाहीत असं अनेकदा होतं. तिला उठवायचं काम माझं, धाकट्याला घ्यायचं नवऱ्याचं, हे तेव्हा ठरलं. सासूबाई चष्म्यासाठी परत वळल्या, मग कवळीसाठी, मग कागदपत्रांच्या पिशवीसाठी. नवरा धाकट्याला घेऊन खाली झाडापाशी थांबला. मी बाकीच्यांना घेऊन फाटकाशी थांबले. मध्ये भिंत. तीन-चार मिनिटं आम्ही एकमेकांना दिसलोच नाही. तो आम्ही अजून आतच आहोत असं समजून पुन्हा जिना चढायला निघाला होता.

आता जागा एकच आहे, फाटकाबाहेरचा विजेचा खांब. दाराला आतून किल्ली लागत नाही, नुसती कडी फिरवायची. जाळीची किल्ली खिडकीशेजारी धाकट्याचा हात पोचेल इतक्या उंचीवर लाल नाडीने बांधलेली आहे, बाहेरून हात पोचणार नाही अशी. सासूबाईंच्या उशाशी चष्मा आणि टॉर्च असतो, कागदांची पिशवी ‘जळली तर जळू दे’ या यादीत गेली. त्यावर दोन दिवस अबोला होता.

मागच्या महिन्यात आम्ही सगळे एका सभागृहात कार्यक्रमाला गेलो होतो. सुरू व्हायला दहा मिनिटं होती आणि धाकटा जागेवर नव्हता. मी शोधायला उठणार, एवढ्यात तो मागच्या अंधाऱ्या बाजूने आला आणि माझ्या कानाशी लागला.

‘आई, मागच्या दाराला साखळी आहे.’

दिवे मंद व्हायला लागले होते. मी पर्स नवऱ्याच्या मांडीवर ठेवली आणि ज्याच्याकडे त्या साखळीची किल्ली आहे असा माणूस शोधायला निघाले.